खोक्यावरचा १ मिलिसेकंद

भाच्याने नवा गेमिंग मॉनिटर घेतला तेव्हा खोक्यावर तीन ठिकाणी '१ एमएस' छापलेलं होतं, म्हणजे पिक्सेलला छटा बदलायला लागणारा वेळ १ मिलिसेकंद. दोन दिवसांनी त्याचा फोन आला. "मामा, पळणाऱ्या माणसाच्या मागे पांढरी कड दिसतेय. मॉनिटर बिघडलाय का?" जाऊन पाहिलं तर मॉनिटर धडधाकट होता. पठ्ठ्याने मेन्यूत जाऊन 'ओव्हरड्राइव्ह', म्हणजे पिक्सेलला लवकर बदलायला लावणारी सोय, सगळ्यात वरच्या पायरीवर नेऊन ठेवली होती, कारण तो १ मिलिसेकंद त्याच पायरीवर मिळतो असं माहितीपत्रकात तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं. मी दोन पायऱ्या खाली आणल्या आणि कड जवळजवळ गेली. तिच्याबरोबर तो १ मिलिसेकंदही गेला.

खोक्यावरचा आकडा खोटा नव्हता. तो एका अटीवर खरा होता आणि त्या अटीत मॉनिटर वापरण्यासारखा नव्हता, इतकंच. गेमिंग मॉनिटर पारखताना निम्मं काम हेच असतं: दिसेल त्या आकड्याला 'कोणत्या सेटिंगला?' असं विचारायचं. उरलेलं निम्मं काम टिकाऊपणाचं आणि भरवशाचं. तिथे आकडे फारसे हाताशी लागत नाहीत. तिथे विचारायचं ते असं की एक नग चांगला निघाला तर दुसराही तसाच निघेल का, आणि नाही निघाला तर पुढे काय.

पिक्सेल रेंगाळतो कुठे

एलसीडी पडद्यात मागे दिवे असतात आणि त्यांच्यापुढे द्रवस्फटिकांचा पातळ थर. विजेचा दाब बदलला की स्फटिकांचे रेणू वळतात आणि कमी-जास्त प्रकाश पुढे सोडतात. या वळण्याला वेळ लागतो. करड्या रंगाच्या एका छटेवरून दुसऱ्या छटेवर जायला जो वेळ लागतो त्याला 'ग्रे टू ग्रे' रिस्पॉन्स टाइम म्हणतात आणि खोक्यावर मिरवतो तो हाच. मोजताना बदलाचे पहिले १० टक्के आणि शेवटचे १० टक्के सोडून द्यायची जुनी पद्धत आहे. शर्यतीत सुरुवात आणि शेवट वगळून मधल्याच टप्प्याची वेळ नोंदवावी, तसा हा प्रकार. आणि पिक्सेल रेंगाळतो तो नेमका शेवटच्या टप्प्यात.

शिवाय साध्या ८ बिटच्या पडद्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. एकीवरून दुसरीवर जायच्या वाटा झाल्या ६५ हजारांच्या वर, आणि प्रत्येक वाटेचा वेळ वेगळा. काळ्यातून गडद करड्याकडे जाणारी वाट कधी कधी करड्यातून पांढऱ्याकडे जाणाऱ्या वाटेच्या कितीतरी पट लांब असते. खोक्यावर येतो तो बहुधा सगळ्यात जवळच्या वाटेचा वेळ. म्हणून मॉनिटरची चाचणी घेणाऱ्याने पंधरा-वीस वाटांचा तक्ता दिला असेल तर तो पाहावा, त्यातली सरासरी पाहावी आणि सगळ्यात वाईट चौकटही पाहावी. नुसतं 'वेगवान आहे' असं लिहिणाऱ्याचं मत मी फारसं मनावर घेत नाही.

आता तो ओव्हरड्राइव्ह. पिक्सेलला लवकर वळवायचं म्हणून मॉनिटर त्याला लागतो त्यापेक्षा जास्त धक्का देतो. झुलत्या दाराला बेताने ढकललं तर ते हवं तिथे जाऊन थांबतं. जोरात ढकललं तर पुढे निघून जातं आणि मग मागे येतं. पिक्सेलही तसाच हव्या त्या छटेच्या पुढे जातो, क्षणभर जास्त उजळ किंवा जास्त गडद होतो आणि मग परततो. तीच भाच्याला दिसलेली पांढरी कड. तिला 'ओव्हरशूट' म्हणतात, काही जण 'उलटं घोस्टिंग' म्हणतात. साधं घोस्टिंग म्हणजे मागे राहिलेली पुसट सावली. ती डोळ्याला एकवेळ चालते. चमकणारी कड मात्र खुपते.

या सगळ्याला रिफ्रेश रेटच्या, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो त्याच्या, पट्टीवर ठेवून बघावं लागतं. ६० हर्ट्झला एक फ्रेम पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहते. १४४ हर्ट्झला ६.९, २४० हर्ट्झला ४.२ आणि ३६० हर्ट्झला जेमतेम २.८ मिलिसेकंद. आता एखाद्या २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर गडद छटा बदलायला १२ मिलिसेकंद लागत असतील तर? पहिली फ्रेम रंगून व्हायच्या आत दुसरी आणि तिसरी दारात येऊन उभी. पडदा सेकंदाला २४० वेळा चित्र बदलतो हे खरंच, पण अर्धवट रंगलेली चित्रं एकावर एक चढत जातात. अशा वेळी चांगला चालणारा १६५ हर्ट्झचा मॉनिटर रखडणाऱ्या २४० हर्ट्झवाल्यापेक्षा स्वच्छ दिसतो, आणि हे मी शेजारी शेजारी ठेवून पाहिलेलं आहे.

ही अडचण सगळ्यात जास्त जाणवते ती व्हीए पॅनेलवर (व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार). रात्रीचा देखावा असलेला गेम लावा, पात्राला गडद भिंतीच्या कडेने चालवा आणि कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. काळ्या खांबाच्या मागे ओल्या शाईवरून बोट फिरल्यासारखा फराटा ओढला जातो. उजेडातल्या देखाव्यात तोच मॉनिटर छान चालतो, म्हणून दुकानातल्या झगमगीत डेमोत हे कधीच कळत नाही. सगळी व्हीए पॅनेलं अशी नसतात, पण चाचणीच्या तक्त्यात काळ्याकडून निघणारी ओळ बघितल्याशिवाय व्हीए घेऊ नये.

दुसरा १ मिलिसेकंद

काही खोक्यांवर '१ एमएस एमपीआरटी' असं लिहिलेलं असतं. हे वेगळंच प्रकरण आहे आणि दोघांची गल्लत होते, किंवा होऊ दिली जाते. पिक्सेल क्षणात बदलला तरी हलती वस्तू पुसट दिसू शकते, कारण डोळा वस्तूमागे सलग फिरत असतो आणि पडद्यावरची फ्रेम मात्र तिच्या पूर्ण वेळात जागच्या जागी थांबलेली असते. तेवढ्या वेळात डोळा पुढे सरकतो आणि थांबलेलं चित्र डोळ्याच्या पडद्यावर फरफटतं. सेकंदाला ९६० पिक्सेल सरकणारी वस्तू ६० हर्ट्झला १६ पिक्सेल फरफटते आणि २४० हर्ट्झला ४. रिफ्रेश रेट वाढवण्यातला खरा फायदा हा असतो.

एमपीआरटी मोजतो ती ही फरफट. ती १ मिलिसेकंदावर आणायचा सोपा मार्ग म्हणजे मागचा दिवा प्रत्येक फ्रेमला क्षणभरच पेटवायचा. यंत्रांच्या जाहिरातीत त्याला दर कंपनीचं वेगळं भारदस्त नाव असतं. चित्र खरोखर स्वच्छ होतं, पण उजेड बराच कमी होतो, काहींचे डोळे दुखतात आणि बहुतेक मॉनिटरवर त्याबरोबर बदलता रिफ्रेश रेट चालत नाही. म्हणजे एमपीआरटीचा १ मिलिसेकंदही अटीचाच.

पडताळायला एक सोपी सोय आहे. ब्लर बस्टर्स या संकेतस्थळाची यूएफओ चाचणी ब्राउझरमध्ये उघडायची. पडद्यावरून उडत्या तबकड्या सरकत जातात. एका तबकडीवर नजर खिळवून तिच्यामागे डोळा फिरवायचा आणि आतला छोटा परग्रहवासी ओळखू येतो का ते पाहायचं. मग ओव्हरड्राइव्हच्या सगळ्या पायऱ्या एकेक करून बघायच्या. ज्या पायरीवर सावलीही कमी आणि चमकती कडही कमी, ती आपली. बहुतेक मॉनिटरवर ती मधली कुठली तरी असते. हे पाच मिनिटांचं काम न करता वर्षभर मॉनिटर वापरणारे लोक मला माहीत आहेत.

गेमला नेहमीच १६५ फ्रेम जमत नाहीत

बदलता रिफ्रेश रेट म्हणजे ग्राफिक्स कार्डाची फ्रेम तयार झाली की मगच पडदा नवं चित्र घेतो. त्यामुळे चित्र मधून फाटत नाही आणि अडखळतही नाही. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने यासाठी जी-सिंक २०१३ मध्ये जाहीर केलं, तिच्या स्पर्धक एएमडीचं फ्रीसिंक त्यानंतर आलं आणि आता हे जवळजवळ प्रत्येक गेमिंग मॉनिटरवर असतं. पण असणं आणि नीट चालणं यांत अंतर आहे. जानेवारी २०१९ मध्ये एनव्हिडियाने अॅडॅप्टिव्ह सिंकच्या (फ्रीसिंक ज्या खुल्या मानकावर चालतं त्याच्या) साध्या मॉनिटरना 'जी-सिंक कंपॅटिबल' म्हणायला सुरुवात केली. तेव्हा त्यांनी ४०० मॉनिटर तपासल्याचं सांगितलं होतं आणि उत्तीर्ण झाले होते १२. स्पर्धक कंपनीने लावलेली कसोटी होती हे धरलं तरी आकडा बोलका आहे.

इथे दोन गोष्टी बघायच्या. पहिली, पल्ला. ४८ ते १४४ असा पल्ला चांगला, कारण फ्रेम ४८ च्या खाली गेल्या तर मॉनिटर तीच फ्रेम दोनदा दाखवून वेळ मारून नेतो. त्यासाठी वरचा आकडा खालच्याच्या दुपटीपेक्षा जास्त असावा लागतो. ४८ ते ७५ असा तोकडा पल्ला असेल तर हे जमत नाही आणि गेम जड झाला की अडखळणं परत येतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि खोक्यावर कधीच न येणारी. ओव्हरड्राइव्हचा धक्का साधारण सर्वात वरच्या रिफ्रेश रेटला जुळवलेला असतो. गेम जड होऊन ७० फ्रेमवर आला की तोच धक्का जास्त होतो आणि कडा चमकू लागतात. चांगले मॉनिटर रिफ्रेश रेटप्रमाणे धक्का कमी-जास्त करतात. बाकीचे करत नाहीत. तुमचं कार्ड तुमच्या आवडत्या गेममध्ये ८०-९० फ्रेमच देत असेल, तर १६५ हर्ट्झला घेतलेली मापं तुमच्या काय कामाची? चाचणीत ६०, १०० आणि कमाल अशा तिन्ही ठिकाणची मापं दिली असतील तर तो लेख वाचण्यालायक.

या बाबतीत 'व्हेसा' या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये बरं काम केलं. तिच्या 'अॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्ले' या प्रमाणपत्रासाठी मॉनिटर कारखान्यातून येतो त्याच सेटिंगमध्ये तपासला जातो, रिस्पॉन्सची सरासरी ५ मिलिसेकंदांच्या आत लागते आणि ओव्हरशूटलाही मर्यादा आहे. त्याच वर्षी आलेलं 'क्लिअर एमआर' हलत्या चित्रातले स्वच्छ आणि पुसट पिक्सेल यांचं गुणोत्तर सांगतं. शिक्का नसलेला मॉनिटर वाईट असतो असं मुळीच नाही, प्रमाणपत्राला खर्च येतो. पण शिक्का असेल तर निदान मोजणारा तिसरा कुणीतरी होता.

इनपुट लॅग ही आणखी एक वेगळी चीज. माउस हलवल्यापासून पडद्यावर हालचाल सुरू होईपर्यंतच्या वेळात मॉनिटरचा वाटा किती, ते. रिस्पॉन्स टाइमशी त्याचा संबंध थेट नाही. सुदैवाने आजचे गेमिंग मॉनिटर यात बहुतेक चांगले असतात, म्हणून त्यावर रात्र जागवू नका.

एचडीआरचा शिक्का आणि बाकी सजावट

एचडीआर म्हणजे उजेड आणि काळोख यांतलं अंतर मोठं दाखवणारं चित्र. त्यासाठी व्हेसाचीच डिस्प्लेएचडीआर ही प्रमाणपत्रं २०१७ पासून आहेत. त्यातल्या सर्वात खालच्या पायरीला, म्हणजे ४०० ला, पडद्याचा एक भाग उजळ आणि दुसरा मंद ठेवण्याची सोय बंधनकारक नाही. अख्खा दिवा एकदम वाढतो, मग आकाशातला सूर्यही उजळतो आणि शेजारची काळोखी रात्रही. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातलं गुणोत्तर, साधारण हजारास एक, व्हीएचा तीन हजारांच्या आसपास, तेव्हा ४०० चा शिक्का बघून एचडीआरसाठी जास्त पैसे मोजू नयेत. खरा एचडीआर हवा तर शेकडो स्वतंत्र दिव्यांचे विभाग असलेला मिनी एलईडी किंवा ओलेड. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' नावाखाली कोटींचे आकडे दिसले तर सरळ पुढच्या ओळीवर जा.

रंगांबद्दल एवढंच सांगतो की रंगांचा पल्ला मोठा म्हणजे रंग अचूक, असं नसतं. मोठ्या पल्ल्याच्या पडद्यावर साधी वेबपानं आणि माणसांचे चेहरे भडक लालसर दिसतात. त्यावर एसआरजीबी (वेबवरच्या रंगांचा नेहमीचा पल्ला) मोड असावा आणि तो लावल्यावर ब्राइटनेस बदलता यावा. काही मॉनिटरवर तो मोड लावला की ब्राइटनेसची कळ बंदच होते, मग तो असून नसल्यासारखा.

पोर्टवरच्या पाट्याही जपून वाचाव्यात. एचडीएमआय २.१ लिहिलं म्हणजे पूर्ण वेग मिळणार असं धरून चालू नका. जुन्या २.० मधली क्षमताही आता २.१ च्याच नावाखाली विकता येते आणि नव्या सोयी ऐच्छिक आहेत, हे २०२१ च्या अखेरीस उघड झालं. म्हणून पोर्टचा नंबर विचारू नका. 'या पोर्टवरून या रेझोल्यूशनला किती हर्ट्झ मिळतात' असं विचारा. गेमिंग कन्सोल जोडणाऱ्यांना तर हे आधीच विचारलेलं बरं.

आणि आकार. २७ इंचांवर १०८० पीचे (१९२० × १०८०) पिक्सेल इंचाला ८२ च्या आसपास पडतात आणि अक्षरांच्या कडा दातेरी दिसतात. त्याच आकारात १४४० पी (२५६० × १४४०) घेतलं तर ते १०९ होतात. यात गुपित काही नाही, तरी लोक फसतात.

भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा

आता दुसरं निम्मं. मॉनिटरवर नाव कुणाचंही असो, आतलं पॅनेल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत: एलजी डिस्प्ले, एयू ऑप्ट्रॉनिक्स, बीओई, इनोलक्स, सीएसओटी आणि ओलेडमध्ये सॅमसंग डिस्प्ले. त्यामुळे दोन वेगळ्या ब्रँडच्या मॉनिटरमध्ये एकच पॅनेल असू शकतं. आणि याच्या उलटही घडतं. एकाच मॉडेलच्या नावाखाली वर्षभराने दुसरंच पॅनेल येतं, कधी नावाच्या शेवटी एक अक्षर बदलून, कधी तेही न करता. म्हणून दोन वर्षांपूर्वीची स्तुती वाचून घेताना मॉडेलचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवून पाहावं आणि अलीकडच्या खरेदीदारांनी काय लिहिलंय ते वेगळं वाचावं.

खरेदीदारांच्या अभिप्रायातले तारे मी मोजत नाही. पाच तारे बहुधा पहिल्याच दिवशी दिलेले असतात आणि पहिल्या दिवशी सगळेच मॉनिटर विश्वासार्ह असतात. मी तक्रारींचा प्रकार बघतो. एकाचा कोपरा उजळ, दुसऱ्याला डेड पिक्सेल, तिसऱ्याचं खोकं चेपलेलं, अशा विखुरलेल्या तक्रारी कुठल्याही वस्तूच्या असतात. पण 'सहा-आठ महिन्यांनी मधूनमधून पडदा काळा होतो' हे एकच वाक्य वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलेलं दिसलं, तर तो दोष नगाचा नसून रचनेचा असतो. मग बाकी गुण कितीही असोत, मी तिथून निघतो. चाचणी घेणाऱ्यांकडेही एकच नग येतो आणि तो आठवड्या-दोन आठवड्यांत परत जातो. चित्र कसं दिसतं हे ते नेमकं सांगू शकतात, मॉनिटर किती टिकेल हे त्यांनाही कळायला मार्ग नाही.

'इतके हजार तासांचं आयुष्य' असं लिहिलेलं असेल तर तो आकडा बहुधा मागच्या दिव्याचा असतो: इतक्या तासांनी उजेड निम्म्यावर येईल. ३० हजार तास म्हणजे रोज आठ तास धरले तर दहा वर्षं. मॉनिटर बंद पडतो तो बऱ्याचदा त्याच्या खूप आधी, वीजपुरवठ्याच्या सर्किट बोर्डापायी. त्या बोर्डावरच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरना (वीज साठवणाऱ्या छोट्या भागांना) उष्णता सोसत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा आहे. तेव्हा मागची झरोक्यांची जाळी भिंतीला टेकवून ठेवू नका आणि ब्राइटनेस विनाकारण शंभरावर नको. वीजपुरवठा बाहेरच्या ॲडॅप्टरमध्ये असेल तर लोक नाक मुरडतात, पण तो बिघडला तर नुसता ॲडॅप्टर बदलून भागतं. मला तो चालतो.

ओलेडचा हिशेब वेगळा. तिथे प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, बदलतो जवळजवळ क्षणात आणि काळा म्हणजे खरंच काळा. पण वापराने पिक्सेल झिजतात आणि रोज त्याच जागी असलेली टास्कबार किंवा गेममधला नकाशा ठसा सोडू शकतो. यालाच बर्न-इन म्हणतात. मॉनिटर मधूनमधून स्वतःची सफाई करून घेतो, ती अर्धवट असताना प्लग काढायचा नाही. २०२२ मध्ये डेलच्या एलियनवेअरने ३४ इंची क्यूडी-ओलेड (ओलेडचाच एक प्रकार) आणला तेव्हा ३ वर्षांच्या वॉरंटीत बर्न-इन धरलेलं होतं. तेव्हापासून ओलेड घेताना माझा पहिला प्रश्न तोच असतो: वॉरंटीच्या कागदावर बर्न-इन हा शब्द आहे का? विक्रेता तोंडी 'हो हो' म्हणतो, ते धरायचं नाही. दिवसभर तक्ते आणि मजकूर उघडून बसणाऱ्याला मी अजून ओलेड सुचवत नाही. नुसतं गेमिंग असेल तर डोळे झाकून.

वॉरंटीची वर्षं मोजण्याआधी आणखी एक बारीक गोष्ट वाचायची. डेड पिक्सेल किती झाले तर बदलून देणार? आयएसओ १३४०६-२ या जुन्या मानकात दुसऱ्या वर्गाच्या पडद्याला दर दहा लाख पिक्सेलमागे २ कायम पेटलेले आणि २ कायम विझलेले चालत. ४के पडद्यावर ८३ लाखांच्या आसपास पिक्सेल असतात. म्हणजे डझनभर पांढरे ठिपके दिसत असतानाही कागदोपत्री पडदा निर्दोष! आजच्या कंपन्यांची धोरणं यापेक्षा बरी आहेत, काही तर एकाही कायम पेटलेल्या पिक्सेलला बदलून देतात, पण ते ज्याच्या त्याच्या कागदावर. बदलून नवा देतात की दुरुस्त केलेला, आणि पाठवायचा खर्च कुणाचा, हेही तिथेच असतं. माझ्या एका जुन्या मॉनिटरच्या बदल्यात कंपनीने दुरुस्त केलेला नग पाठवला होता, मूळच्यापेक्षा पिवळट. तक्रार केली तर उत्तर आलं की रंगातला फरक दोषात मोडत नाही.

पहिली संध्याकाळ

म्हणून नवा मॉनिटर आला की खोकं आणि थर्मोकोल परतीची मुदत संपेपर्यंत टाकायचं नाही आणि पहिल्याच संध्याकाळी अर्धा तास त्याच्यासाठी काढायचा. खोलीतला दिवा मालवून पूर्ण काळं चित्र लावा. कोपऱ्यांत उजेड दिसेलच. आता डोकं डावी-उजवीकडे हलवा. उजेड तुमच्याबरोबर सरकत असेल तर ती आयपीएसची चमक, ती थोडीफार असतेच. जागचा हलत नसेल तर दिव्याचा प्रकाश फटीतून गळतोय. ब्राइटनेस तुमच्या नेहमीच्या पातळीवर ठेवून हे बघा, शंभरावर बघितलं तर प्रत्येक मॉनिटर नापास होईल. फोनने फोटो काढून ताडू नका, फोन अंधारात उजेड वाढवून दाखवतो आणि माणूस उगाच घाबरतो.

मग लाल, हिरवं, निळं, पांढरं आणि गडद करडं अशी सपाट चित्रं एकेक करून पूर्ण पडद्यावर. डेड पिक्सेल यात सापडतात, आणि करड्यावर मळकट डाग किंवा उभे पट्टे. पांढरं चित्र असतानाच पडद्यासमोर पेन पंख्यासारखं जोरात हलवा. पेनाची सलग पुसट सावली दिसली तर उत्तम. पेनाच्या सुट्या सुट्या प्रती दिसल्या तर मागचा दिवा लुकलुकतोय. ब्राइटनेस कमी करून पुन्हा करा, कारण बऱ्याचदा तेव्हाच ते उघडं पडतं. शेवटी एखादा जड गेम लावून त्याच्या अंधाऱ्या लोडिंग पडद्यावर थांबा. बदलता रिफ्रेश रेट चालू असताना काही व्हीए आणि ओलेड पडदे तिथे मिणमिणतात. तुम्हाला ते खुपतं का, हे तुमचं तुम्हीच ठरवायचं. टेबलाला जरा धक्का देऊन स्टँड किती वेळ डुलतो तेही बघून घ्या.

भाच्याकडे मी हे सगळं केलं. एक पिक्सेल मेलेला सापडला, अगदी खालच्या कडेला, त्याने तो चालवून घेतला. निघता निघता सहज विंडोजची डिस्प्ले सेटिंग उघडली तर मॉनिटर १६५ हर्ट्झचा आणि चालत होता ६० वर. विंडोजने जोडल्यावर जे निवडलं तेच दोन दिवस राहिलं होतं. म्हणजे १६५ ला जुळवलेला जोरदार धक्का ६० वर बसत होता आणि चुकलेली प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद ठाण मांडून बसत होती. कड एवढी ठसठशीत का होती ते मला तेव्हा कळलं.

१६५ केल्यावर त्याने नुसता माउसचा बाण गोल गोल फिरवला आणि हसायला लागला. मग माझ्याकडे न बघता मेन्यूत शिरला, ओव्हरड्राइव्ह परत सगळ्यात वर नेला आणि तबकड्यांची चाचणी लावली. कड आता बारीक होती, पण होती. त्याने स्वतःच एक पायरी खाली आणली, पुन्हा बघितलं आणि आणखी एक आणली.